आस, चाक आणि एक मिलिमीटर

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला जाणारा रस्ता चढउतारांचा आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. खोडाळ्याच्या पुढे, एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, आमची जुनी जीप ओढ्यातून वर चढत असताना खाडकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलेना. मागच्या आसाचा दांडा तुटला होता, आणि पुढच्या चाकांना शक्ती देणारी जोडणी मालकाने पूर्वीच काढून टाकली होती. गाडीचे पोट दगडांना लागू नये म्हणून त्याने मोठे टायर बसवले होते. आस मात्र मूळचाच ठेवला होता. परतताना याच जीपने पाड्यावरच्या एका आजारी बाईंना दवाखान्यात न्यायचे ठरले होते. शेवटी त्यांना झोळीतून खोडाळ्यापर्यंत आणावे लागले.

टायर मोठा झाला तर आस का तुटावा? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण थेट बैलगाडीपर्यंत पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये गाड्या थोड्याच होत्या. बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जाई. ज्या गाड्या होत्या त्या भरीव, जड चाकांच्या होत्या आणि त्यांना बऱ्याच बैलांची गरज लागे. १८३६ साली गेस्फर्ड नावाच्या, रस्त्यांचे काम पाहणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे दोन बैलांनी ओढायची हलकी, सुधारलेली गाडी बनवून घ्यायला सुरुवात केली. आरे, तुंबा आणि लोखंडी धाव असलेली जी गाडी आपण पाहत आलो, तिचा आस जागेवर स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. त्यामुळे आसावर फक्त ओझे येते. तो वाकू शकतो, पण पिळला जात नाही, कारण गाडी ओढण्याचे काम जुवाखालचे बैल करतात.

आगगाडीत चाक आणि आस एकजीव असतात आणि दोन्ही मिळून फिरतात. फिरणाऱ्या आसाची जी बाजू आत्ता ओझ्याने ताणली जाते, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबली जाते. टेंभुर्णीच्या गाडीनंतर सहाच वर्षांनी, ८ मे १८४२ रोजी, फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. वापराने लोखंडाची जात बदलते, ते 'स्फटिकमय' होऊन ठिसूळ बनते, असे तेव्हा पुष्कळ जण मानत. १८४३ साली रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने तुटलेले आस तपासून वेगळे मत मांडले. जिथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकत जाते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे जर्मनीत वोलर या रेल्वे अभियंत्याने अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले की एकदा सहज पेलता येणारा भारही लक्षावधी वेळा उलटसुलट आला तर पोलाद तोडू शकतो. यालाच आपण धातूची 'थकावट' म्हणतो.

मोटारीच्या आसाला याशिवाय आणखी एक काम असते. त्याला चाक फिरवावे लागते, म्हणजे पीळही सोसावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या मागच्या आसाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यात गाडीचे वजन बाहेरची पोकळ नळी पेलत असे आणि आतला दांडा फक्त पीळ सोसत असे. नंतरच्या नागरी जीपमध्ये वजन आणि पीळ ही दोन्ही कामे त्याच दांड्यावर आली. याच घराण्यातल्या जीप १९४९ पासून मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीत जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे आडवाटेच्या गावांच्या ओळखीच्या झाल्या.

आता थोडे गणित करू. युद्धातल्या जीपच्या आसातील दात्यांचे प्रमाण ४.८८ होते. १९४५ साली शेतीच्या कामासाठी आलेल्या नागरी जीपमध्ये ते ५.३८ केले गेले, म्हणजे गाडीची ओढ वाढली. तिचा टायर सुमारे २८ इंच व्यासाचा होता. त्याजागी ३१ इंचांचा बसवला तर ५.३८ ला २८/३१ ने गुणावे लागेल. उत्तर येते ४.८६! शेतीसाठी मुद्दाम केलेली सुधारणा टायर बदलताच पुसली गेली.

आसावर येणारा पीळ म्हणजे जमिनीची पकड गुणिले चाकाची त्रिज्या. खडकाळ चढावर, खालच्या गिअरमध्ये, पकड तेवढीच धरली तरी पीळ ३१/२८ पट, म्हणजे जवळजवळ ११ टक्के वाढतो. शिवाय जड चाक हवेत गरगर फिरून एकदम दगडावर टेकले तर बसणारा हिसका वेगळाच.

मग आस किती जाड हवा? भरीव दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. ३० मिलिमीटरचा दांडा ३१ केला की ताकद सुमारे १० टक्के वाढते. एका मिलिमीटरने वाढीव पिळाचा बहुतेक हिशेब भागतो! पण हाच घन उलटही फिरतो. गंजाने किंवा झिजेने व्यास एक मिलिमीटर कमी झाला तर जवळपास १० टक्के ताकद जाते. आणि तिथे धारदार खाच पडली असेल तर रँकिनची चीर सुरू व्हायला जागाच मिळते. म्हणून आस निवडताना जाडीसोबत पोलादाची जात, कोपऱ्यांची गोलाई आणि वजन कोण पेलतो हेही पाहावे लागते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. खडूची दोन टोके धरून तो हळूच पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटतो. आता दुसरा खडू वाकवून तोडा. हा मात्र आडवा तुटेल. तुटलेल्या टोकाकडे पाहून बल कसे लागले हे सांगता येते. रँकिनने हेच केले होते.

खोडाळ्याच्या त्या मेकॅनिकनेही तेच केले. तुटलेला दांडा उजेडात धरून तो म्हणाला, "साहेब, हा आज नाही तुटला. बघा, इथे अर्धा काळा पडलाय." चीर जुनी होती. टायर बदलतानाच कुणी आस उघडून पाहिला असता, तर ती झोळी लागली नसती.