धाव ते टायर : नीरेकाठच्या चाकाचा इतिहास

१/ कार्ट शर्यतीतील छोट्या गाडीला कोरड्या मार्गावर गुळगुळीत टायर लावतात आणि पावसात खाचांचा. जमीन पाहून चाक निवडण्याचा हा नियम रबराहून जुना आहे. इंदापूर तालुक्यातील लासुर्णे आणि भोवतालच्या ऊसपट्ट्यात तो बैलगाडीच्या चाकावर वाचता येतो.

२/ नीरेचा डावा कालवा आणि भाटघरचे धरण ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कामे. पाण्यामागून ऊस आला. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले. त्याच दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला आणि पुढे भवानीनगरचा सहकारी कारखाना. तोडलेला ऊस पडून राहिला, तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यामुळे चाकाचा प्रश्न थेट पैशाचा झाला.

३/ जुने चाक बाभळीचे : मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती पुठे आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्यांच्या आगीत ती तापून फुगली, की चाकावर चढवून लगेच पाणी ओतत. लोखंड आकसले, की सारे सांधे आवळले जात.

४/ उन्हाळ्यात उलट घडे. लाकूड वाळून आकसे, धाव ढिली पडे. मग चाक पाण्यात भिजत ठेवत. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. हवामानानुसार चाक सिद्ध करण्याची ही विद्या सुतार-लोहारांच्या हातात होती.

५/ या चाकाची उंची खाचखळग्यांत उपयोगी पडे. अरुंद धाव मात्र भिजलेल्या काळ्या मातीत रुते आणि खडीच्या रस्त्यावर चाकोऱ्या पाडी. भार तोच, पण टेकण्याची जागा बोटभर.

६/ जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यांच्या नावाच्या कंपनीचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ साली सुरू झाला आणि बैलगाडीसाठीही टायर मिळू लागले. रुंद रबर मऊ रानात कमी रुते, त्यामुळे तीच जोडी अधिक ऊस ओढी. नवे वैर जडले ते काट्यांशी : जिच्या लाकडाचे चाक होई, तीच बाभूळ आता टायर पंक्चर करू लागली.

७/ शर्यतीच्या गाडीत इंजिन चाक फिरवते, म्हणून पकड टायरला हवी. बैलगाडीचे चाक नुसते मागून येते. पकड लागते ती खुराला. म्हणूनच झिजलेला टायरही गाडीला चालतो, पण डांबरी रस्त्यावर बैलाच्या खुराला पत्री मारावी लागते.

८/ चाकाबरोबर मालकीही बदलली. ऊसतोडीत ‘गाडी सेंटर’ म्हणजे मजुराची स्वतःची लाकडी गाडी. ‘टायर सेंटर’ म्हणजे बैल मजुराचे आणि गाडी कारखान्याची, तीही भाड्याने. गाडी हलकी चालते म्हणून तिच्यावर भार वाढला. रबराने रस्ता वाचवला, वेळ वाचवला. बैलाच्या मानेवरचे ओझे मात्र त्या प्रमाणात उतरले नाही. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न ऊसपट्ट्याच्या इतिहासात म्हणूनच चाकापासून विचारावा लागतो.