डबा कुणाचा? केबल मोडेमची कुळकथा

अमेरिकेत एके काळी घरातला टेलिफोन घरमालकाचा नसायचा. भिंतीतली वायर, तिला जोडलेलं यंत्र, त्या यंत्राचा रिसीव्हर, सगळं एटी अँड टी कंपनीच्या मालकीचं. ग्राहकाने दरमहा भाडं भरायचं आणि त्या यंत्राला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायची नाही, असा नियम. आज तिथलं एखादं कुटुंब दुकानातून पसंतीचा केबल मोडेम आणतं, कोॲक्सियल केबलच्या टोकाला लावतं, डब्यावर छापलेला क्रमांक इंटरनेट कंपनीला कळवतं आणि घरात नेट सुरू होतं. ही खरेदी इतकी सोपी व्हायला निम्मं शतक लागलं. त्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, डोंगराआडच्या गावांतल्या दुकानदारांनी खटपटी केल्या आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना एका टेबलाशी बसावं लागलं.

पहिला झगडा एका साध्या टोपणावरून झाला. ‘हश-ए-फोन’ नावाची पेल्यासारखी वस्तू रिसीव्हरच्या तोंडावर बसवली की शेजारी बसलेल्याला बोलणं ऐकू जात नसे. त्यात विजेचा तार-तुकडाही नव्हता. तरी एटी अँड टीने ती बेकायदा ठरवली आणि सरकारच्या दूरसंचार आयोगानेही कंपनीची बाजू घेतली. या टोपणाच्या बाजूने साक्ष द्यायला जे तज्ज्ञ उभे राहिले, त्यांत लिओ बेरानेक आणि जे. सी. आर. लिकलायडर हे दोघे होते. पुढे याच लिकलायडर यांनी संगणकांच्या जाळ्याची कल्पना अमेरिकी संरक्षण खात्यात रुजवली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. ग्राहक स्वतःच्या सोयीसाठी, इतर कुणाला त्रास न देता फोनला काही लावत असेल, तर कंपनीला त्याला अडवता येणार नाही, असं ठरलं.

दुसरी लढाई टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी लढली. तेलाच्या विहिरींवर आणि दूरच्या रानात काम करणाऱ्यांकडे वायरलेस संच असायचे, पण त्यांवरून साध्या फोनवर बोलता येत नसे. कार्टर यांनी एक पाळणा बनवला. त्यात फोनचा रिसीव्हर ठेवला की दोन्हीकडचा आवाज एकमेकांना मिळे. १९५९ पासून त्यांनी असे हजारो पाळणे विकले. ते वापरणाऱ्यांचा फोन तोडण्याची धमकी कंपनीने दिली, तेव्हा कार्टर भांडायला उभे राहिले. १९६८ मध्ये आयोगाने ‘कार्टरफोन’ निकाल दिला आणि परक्या यंत्रांवरची सरसकट बंदी उठली. सत्तरच्या दशकात यंत्रांच्या नोंदणीची पद्धत आली, त्याबरोबर फोनचा तो छोटा चौकोनी प्लग आला. आता कुणीही बनवलेलं यंत्र कुठल्याही घराच्या भिंतीत बसू लागलं.

मोडेम तोवर जन्मलेला होता, पण तोही कंपनीचाच. पन्नासच्या दशकात अमेरिकी हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ यंत्रणेसाठी रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकापर्यंत न्यायची होती. त्यासाठी मोठ्या संख्येने मोडेम बनले. १९६२ च्या ‘बेल १०३’चा वेग होता सेकंदाला ३०० बिट, म्हणजे तीसेक अक्षरं. त्याचं काम कानाने ऐकता येई. फोन लावणारा मोडेम शून्यासाठी १०७० हर्ट्‌झचा आणि एकासाठी १२७० हर्ट्‌झचा सूर काढे. फोन घेणारा त्याहून वरच्या पट्टीत, २०२५ आणि २२२५ हर्ट्‌झवर उत्तर देई. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या, म्हणून एकाच तारेवर दोघांना एका वेळी बोलता येई. कार्टरफोनच्या निकालानंतर हे तंत्र इतरांच्या हाती गेलं. १९८१ मध्ये डेनिस हेज यांच्या कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. संगणकावर ‘एटीडीटी’ ही अक्षरं आणि पुढे नंबर टाइप केला की तो स्वतःच फोन लावायचा. त्याच्या आज्ञा इतर कारखानदारांनी उचलल्या आणि मोडेम ही दुकानात मिळणारी वस्तू झाली.

अडचण तारेची होती. टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बेतलेली, तिच्यात जेमतेम तीन हजार हर्ट्‌झचा पट्टा मोकळा. १९९८ पर्यंत अभियंत्यांनी त्यातून सेकंदाला ५६ हजार बिट पिळून काढले, आणि तिथे ती वाट संपली. त्याच घरात दुसरी एक वायर आधीच आलेली होती. तिच्यावरच्या टीव्हीच्या एकेका चॅनेलचा पट्टा साठ लाख हर्ट्‌झ रुंद होता.

त्या वायरचं मूळ डोंगरांत सापडतं. १९४८ मध्ये ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया गावात एड पार्सन्स यांनी हॉटेलच्या गच्चीवर उंच अँटेना बसवला, सिअ‍ॅटलच्या स्टेशनचं चित्र पकडलं आणि केबलने घरी नेलं. शेजारपाजारच्यांनीही मग केबल मागितली. पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्सफर्डमध्ये रॉबर्ट टार्लटन टीव्हीचे संच विकत, पण डोंगराआड फिलाडेल्फियाची चित्रं दिसतच नसत. १९५० मध्ये त्यांनी डोंगरमाथ्यावर अँटेना उभारून गावभर केबल फिरवली. त्यांना लागणारी यंत्रं जेरोल्ड कंपनीने पुरवली. याच जेरोल्डसाठी एरिक विन्स्टन यांनी ‘एफ कनेक्टर’ बनवला. केबलच्या मधली तांब्याची तार हीच त्याची पिन, त्यामुळे तो फार स्वस्त. केबल मोडेमच्या मागे आजही तोच आट्यांचा कनेक्टर असतो.

केबलचं हे जाळं एकमार्गी होतं. माथ्यावरून घराकडे चित्र यायचं, घरातून माथ्याकडे काही जायचं नाही. वाटेतले अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा एकाच दिशेने सिग्नल वाढवत. इंटरनेटला दोन्ही दिशा हव्यात. अमेरिकेत परतीच्या वाटेला खालचा पट्टा दिला गेला, ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ. इथे खरा त्रास सुरू झाला. २७ मेगाहर्ट्‌झवर ट्रकवाल्यांचे रेडिओ बोलतात, मिक्सरच्या आणि ड्रिलच्या मोटारी याच भागात खरखर सोडतात. एखाद्या घरात सैल बसवलेला कनेक्टर असला की ही खरखर केबलमध्ये शिरते. ओढे-नाले एका नदीला मिळावेत तशी सगळ्या वस्तीची घाण मुख्य केंद्राकडे एकत्र वाहत येते, म्हणून एका घराच्या चुकीने अख्ख्या गल्लीचं नेट मंदावू शकतं.

या वाटेवर यंत्र चालवून दाखवण्याचा ध्यास घेतला रुझबे यासिनी यांनी. ते इराणमधून अमेरिकेत शिकायला आलेले, टीव्ही आणि संगणकजाळी या दोन्ही धंद्यांत काम केलेले अभियंता. १९९० मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘लॅनसिटी’ कंपनी काढली. सुरुवातीच्या केबल मोडेमची किंमत पंधरा हजार डॉलरच्या घरात होती, म्हणजे ते घरासाठी नव्हतेच. १९९६ च्या मॉडेलपर्यंत किंमत काही शे डॉलरवर उतरली. त्याच वर्षी ‘बे नेटवर्क्स’ने लॅनसिटी विकत घेतली.

तरीही ग्राहक जुन्याच फेऱ्यात अडकलेला होता. लॅनसिटी, मोटोरोला, झेनिथ, प्रत्येकाची भाषा निराळी. एका शहरात चालणारा मोडेम दुसऱ्या शहरात निव्वळ प्लास्टिकचा डबा. साहजिकच तो दुकानात विकायला ठेवण्यात अर्थ नव्हता. केबल कंपनी देईल तो घ्यायचा आणि भाडं भरायचं. शेवटी कॉमकास्ट, कॉक्स, टीसीआय आणि टाइम वॉर्नर या केबल कंपन्यांनीच मिळून एक नियमावली लिहून घेतली. मार्च १९९७ मध्ये ती जाहीर झाली आणि तिचं नाव पडलं ‘डॉक्सिस’. तपासणीचं काम कोलोरॅडोतल्या ‘केबललॅब्स’ या संस्थेकडे गेलं. यासिनींनीही तिथे सल्लागार म्हणून काम केलं. मार्च १९९९ मध्ये तोशिबा आणि थॉमसन यांच्या मोडेमवर पहिली पसंतीची मोहोर उठली.

त्या नियमावलीने काय साधलं, ते मोडेम सुरू करताना दिसतं. वीज मिळताच तो चॅनेल एकेक करून चाचपतो. आपल्या भाषेचा सिग्नल सापडला की तिथे थांबतो. मग परतीच्या वाटेने हाक देतो. उत्तर आलं नाही तर आवाज थोडा वाढवून पुन्हा देतो. केंद्रातलं यंत्र त्याचं अंतर मोजतं, किती जोराने आणि नेमकं कधी बोलायचं ते त्याला सांगतं. नंतर मोडेमला पत्ता मिळतो आणि एक छोटी फाइल उतरते. तिच्यात त्या ग्राहकाचा वेग लिहिलेला असतो. लुकलुकणारे दिवे स्थिर होतात ते हे सगळं पार पडल्यावर. डब्यावरचा क्रमांक कंपनीला कळवावा लागतो तो याचसाठी: केंद्राला त्या क्रमांकाची ओळख नसेल, तर ग्राहकाच्या वेगाची फाइल त्याला मिळत नाही.

मोडेम निवडताना पाहायच्या गोष्टीही याच इतिहासातून आल्या आहेत. २००६ च्या डॉक्सिस ३.० ने अनेक चॅनेल एकत्र बांधायची सोय केली. खोक्यावर ‘८ × ४’ किंवा ‘३२ × ८’ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा येणाऱ्या चॅनेलचा, दुसरा जाणाऱ्या चॅनेलचा. २०१३ च्या ३.१ ने चॅनेलची जुनी चौकट मोडली आणि १९२ मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंद पट्टे आणले. म्हणून आज केबलवर नवा मोडेम घेणाऱ्याने ३.१ च घ्यावा, आणि तो आपल्या कंपनीच्या मान्य यादीत आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावं. वेगाचा करार गिगाबिटच्या वरचा असेल तर मागचं लॅन पोर्ट अडीच गिगाबिटचं हवं. साध्या गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० मेगाबिटच्या आसपासच मिळतात.

राउटरचं कूळ वेगळं. केबल कंपन्या घरात एकच संगणक गृहीत धरत. सुरुवातीच्या काळात तंत्रज्ञ घरी येऊन संगणक उघडायचा, आत नेटवर्क कार्ड बसवायचा आणि मोडेमची वायर थेट त्याला जोडायचा. एकाच पत्त्याआड अनेक यंत्रं लपवायची युक्ती १९९४ मध्ये कागदावर आली. ती घरगुती डब्यात घालणाऱ्यांत पुढे होती व्हिक्टर आणि जेनी त्साव या दांपत्याने गॅरेजमध्ये सुरू केलेली लिंक्सिस कंपनी. तिच्या २००२ मधल्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स होतं. परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला. त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारखे प्रकल्प उभे राहिले. वाय-फायची नवी पिढी दर काही वर्षांनी येते, मोडेम मात्र जास्त टिकतो. म्हणून जाणकार दोन डबे वेगळे घ्यायला सांगतात, एक बदलायचा झाला तर दुसरा तसाच राहतो.

अडॅप्टरची गरज घराच्या रचनेवर ठरते. मोडेम हॉलमध्ये आणि काम मागच्या खोलीत, अशी स्थिती असेल आणि दोन्हीकडे केबलची सॉकेट असतील, तर ‘मोका’ अडॅप्टरची जोडी त्याच कोॲक्सियलवरून लॅनइतकं भरवशाचं कनेक्शन देते. घरात केबल शिरते तिथे मोकाचा फिल्टर मात्र लावावा, नाहीतर आपला सिग्नल शेजाऱ्यापर्यंत जातो. वाटेतले जुने स्प्लिटर काढून टाकावेत. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला निम्म्याहून कमी सिग्नल देतो. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर ३.० चा घ्यावा, कारण यूएसबी २.० ची मर्यादाच ४८० मेगाबिटची आहे.

महाराष्ट्रात ही कथा वेगळ्या वळणाने आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई आणि इतर महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही टेलिफोनच्या मोडेमवरून. केबलवाल्यांचं जाळं तोवर इमारतीइमारतींवरून पसरलेलं होतं, पण बहुतेक ठिकाणी ते एकमार्गीच. मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपनीने डॉक्सिस मोडेम दिले. कित्येक स्थानिक केबलवाल्यांनी मात्र तो खर्च टाळून गच्चीवरून लॅन वायर सोडली आणि शंभर मीटरच्या आत स्विच बसवत गल्ली जोडली. त्यामुळे इथल्या हजारो घरांनी केबल मोडेम कधी पाहिलाच नाही. त्यांना ठाऊक होता तो राउटर, आणि तो त्यांनी स्वतः बाजारातून आणला.

मालकीचा प्रश्न अजून कायद्यात गाजतो आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने कंपनीच्या जाळ्याची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी आणून ठेवली. पलीकडचा मोडेम आणि राउटर ग्राहकाच्या मर्जीचा. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने, ग्राहक स्वतःचा डबा वापरत असताना त्याच्याकडून भाडं घ्यायला बंदी केली. आता महाराष्ट्रातल्या घरांत कोॲक्सियलची जागा फायबर घेतं आहे आणि भिंतीवरचा नवा डबा बहुधा कंपनीचाच असतो. कनेक्शन घेताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: हा डबा नुसता पूल (‘ब्रिज’) म्हणून चालवून मागे स्वतःचा राउटर लावता येईल का, आणि कनेक्शन बंद केल्यावर त्याच्या अनामत रकमेचं काय होणार. उत्तरं लेखी मागावीत.