गिअरची गाडी, बिनगिअरची गाडी

गटांच्या बैठकांमध्ये गाडीचा विषय आता वरचेवर निघतो. मसाले, पापड, भाजीपाला बाजाराला न्यायला गटांनी मिळून गाडी घ्यावी, ती आपल्यातल्याच कुणीतरी चालवावी, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. मग एखादी म्हणते, "गिअरची गाडी बायकांना झेपायची नाही. शिकायची तर बिनगिअरची शिका." आणि पुढचं बोलणं तिथंच थांबतं.

आम्हाला वाटलं, या वाक्यामागचा इतिहास एकदा बघावा. गिअर आला कुठून? बिनगिअरची गाडी निघाली ती खरंच बायकांसाठी का? आज तेवढंच बोलू.

आधी गिअर म्हणजे काय ते समजून घेऊ. ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलाय. नांगरटीला तो हळू चालतो, पण जमीन फाडत ओढतो. तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर पळतो. इंजिन एकच, बदलतो तो गिअर. खालच्या गिअरला ओढ जास्त, वेग कमी. वरच्या गिअरला वेग जास्त, ओढ कमी. इंजिन फार हळू फिरलं की बंद पडतं, म्हणून चढ, ओझं, वेग बघून दात्यांच्या चाकांची जोडी बदलावी लागते.

आणि क्लच? पूर्वीची पट्ट्याची पिठाची गिरणी आठवा. इंजिन चालूच असायचं, पण पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की जातं थांबायचं. पुन्हा सरकवला की दळण सुरू. क्लच हेच काम करतो. इंजिन चालू ठेवून चाकांशी त्याचं नातं घटकाभर तोडतो, तेवढ्यात गिअर बदलायचा.

ही गिरणी उगाच आठवली नाही. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी जी पहिली मोटारगाडी बनवली, तीसुद्धा चामड्याच्या पट्ट्यावरच चालायची. तशी गाडी लांबच्या प्रवासाला पहिल्यांदा नेली त्यांच्या पत्नीनं, बर्टा बेंझ यांनी. साल १८८८, ऑगस्ट महिना. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्टसहाइमला, आपल्या माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीनं साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की गाडी ओढेना, मग उतरून ढकलायची. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं म्हणतात, की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. म्हणजे गिअर बायकांना झेपत नाही म्हणणाऱ्यांना सांगायला हरकत नाही, की जास्तीचा गिअर मागणारी पहिली माणूस एक बाईच होती.

पुढं १८९१ च्या सुमाराला फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर यांनी इंजिन पुढं, मग क्लच, मग सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स अशी मांडणी केली. आपल्या बऱ्याच गाड्यांची मांडणी त्याच वळणाची आहे. पण तेव्हाचा गिअर टाकणं सोपं नव्हतं. दोन्ही चाकांचा वेग अंदाजानं जुळवावा लागे. चुकलं की करकर आवाज करत दाते घासायचे. त्यात गाडी सुरू करायला पुढं उभं राहून लोखंडी दांडा फिरवायचा. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडायचं. ही अडचण पुरुषांनाही होतीच.

त्याच काळात अमेरिकेतल्या शहरांत बॅटरीच्या गाड्याही होत्या. दांडा नाही, गिअर नाही, धूर नाही. कंपन्यांनी त्या मुद्दाम बायकांच्या गाड्या म्हणून विकल्या. गंमत बघा, हेन्री फोर्ड यांनी पेट्रोलची मॉडेल टी गाडी १९०८ साली काढली, तशा दीड कोटी गाड्या विकल्या, पण त्यांची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची बॅटरीची गाडी चालवायची. मात्र त्या गाड्या महाग होत्या आणि फार लांब जात नव्हत्या. म्हणजे बाईला सोपी गाडी मिळाली, पण गावच्या वेशीपर्यंतच.

१९१२ साली कॅडिलॅक गाडीला बटणावर सुरू होणारं स्टार्टर आलं. दांडा गेला, आणि बॅटरीच्या गाडीचा मोठा फायदाही गेला. १९२८ साली कॅडिलॅकमध्येच अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरनं केलेली सोय आली. गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळू लागला, करकर थांबली. याच थॉम्पसन यांच्या हाताखाली पुढं पूर्ण आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा तयार झाली. ओल्डस्मोबिल कंपनीच्या १९४० च्या गाड्यांत ती बसवली. तिचं नाव हायड्रामॅटिक. क्लचचं पायडलच नाही. क्लचच्या जागी तेलानं भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक फिरला की तेलाच्या जोरानं दुसरा फिरतो.

आता ऐका, ही यंत्रणा दुसऱ्या महायुद्धात कुठं वापरली? अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांत. लढणाऱ्या सैनिकाला गिअरची काळजी नको, लक्ष समोर राहावं, म्हणून. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बिनगिअरचा रणगाडा बायकांचा असतो.

युद्धानंतर अमेरिकेत आपोआप गिअरच्या गाड्या घरोघरी झाल्या. युरोपात मात्र पेट्रोल महाग, इंजिनं लहान, आणि जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पेट्रोल जास्त प्यायच्या. म्हणून तिथं हातानं गिअर टाकायची सवय टिकली. आपल्याकडंही कारण तेच होतं, पेट्रोलचा हिशेब. मधे १९५८ साली हॉलंडच्या डाफ कंपनीनं एक छोटी गाडी दाखवली. तिच्यात दाते नव्हते, पट्टे होते. पट्टा ज्या चाकांवर फिरतो ती चाकं गरजेप्रमाणे लहान-मोठी व्हायची. पुन्हा गिरणीचा पट्टाच म्हणा ना! लोकांनी तिची चेष्टा केली, म्हाताऱ्यांची आणि बायकांची गाडी म्हणून.

त्याच तत्त्वाचा पट्टा पुढं आपल्या महाराष्ट्रात आला, पण दुचाकीत. आधी काय होतं ते आठवा. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज चेतक. डाव्या मुठीत क्लच दाबायचा, मूठ फिरवून गिअर टाकायचा, आणि सुरू करायला किक मारायची. साडी नेसून ते करून बघा. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं १९७२ साली लुना आणली, बिनगिअरची, हलकी. मग १९८४ च्या सुमाराला जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की पुढं. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या ताई कामाला स्वतःच्या गाडीवर जाऊ लागल्या. पुढं अ‍ॅक्टिव्हा आली आणि तालुक्याच्या गावांतही तेच दिसू लागलं. दुसऱ्याच्या मागं बसून जाणारी बाई पुढं बसली, ती या पट्ट्यामुळं. हे मोठं काम झालं, आणि ते मान्य करायलाच पाहिजे.

चारचाकीत वेळ लागला. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर होता, जड आणि हट्टी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचा गिअर खाली आणि हलका. त्यानंतर २०१४ साली मारुतीनं सेलेरिओ गाडी आणली. तिच्यात क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच, फक्त ते दाबायचं-बदलायचं काम आपल्या हातापायांऐवजी यंत्र करतं. किंमत थोडीच जास्त, पेट्रोलचा खर्चही फार वाढत नाही. तेव्हापासून मध्यम घरांत ऑटोमॅटिक गाडी आली. आणि आता बॅटरीच्या गाड्या पुन्हा आल्यात. विजेच्या मोटारीला सुरुवातीपासूनच ओढ असते, म्हणून बहुतेक गाड्यांत गिअर बदलावाच लागत नाही. शासनाची पिंक ई-रिक्षासुद्धा त्यातलीच.

मग आपण काय शिकायचं? दोन्ही बाजू नीट तोलून बघू.

ऑटोमॅटिक गाडी गर्दीत सोपी. गुडघा दुखणाऱ्या ताईला डाव्या पायाचा त्रास नाही. त्यात कमीपणा काही नाही. पण बॅटरी उतरली तर ती धक्का मारून सुरू होत नाही, आणि बिघडली तर गावाजवळचा मेकॅनिक हात लावेलच असं नाही. गिअरच्या गाडीला शिकायला जास्त दिवस लागतात, चढावर गाडी मागं सरकते तेव्हा सुरुवातीला घाम फुटतो. पण क्लच अर्धा सोडून गाडी धरून ठेवायचं एकदा जमलं, की ते विसरत नाही.

आणखी एक महत्त्वाचं. आपला माल वाहतो कोण? छोटा हत्ती आणि पिकअप. आज आपल्या बाजारात दिसणाऱ्या या गाड्या बहुतेक गिअरच्या आहेत. "बायकांनी बिनगिअरचीच शिकावी" असं म्हणतो, तेव्हा भाड्याचं आणि मालवाहतुकीचं उत्पन्न आपण न बोलता दुसऱ्याच्या हातात देतो. फोर्डसाहेबांच्या काळात बायकांना वेशीपर्यंतची गाडी मिळाली होती, तसंच हे.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. दुचाकीच्या लायसनवर गिअरची आणि बिनगिअरची अशा वेगळ्या नोंदी असतात. कारच्या, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर तसा भेद नाही. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही, आपल्याकडं तसं बंधन नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलंय, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. पण लायसन चालतं म्हणजे हात बसला असं नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेलीनं सरावाशिवाय गिअरच्या गाडीत बसू नये.

म्हणून आम्ही गटांना असं सुचवतो. ज्यांना गाडी कामधंद्यासाठी चालवायची आहे, त्यांनी गिअरवरच शिकावं. मग समोर कोणतीही गाडी येऊ दे. ज्यांना फक्त दवाखाना, शाळा, माहेर इतकंच करायचं आहे, त्यांनी जे सोपं वाटतं ते शिकावं, कुणाच्या हसण्याकडं बघू नये. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं, की सपाट मैदानावर नको, चढ असलेल्या रस्त्यावरही शिकवा. घाट उतरताना गिअर काढून गाडी मोकळी सोडायची नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच उतरायचं, हे पाठ करावं.

आणि गाडी घ्याल तेव्हा ती गटाच्या किंवा बाईच्या नावावर घ्या, किल्ली कुणाकडं राहील ते बैठकीत ठरवून वहीत लिहा. सव्वाशे-दीडशे वर्षांत यंत्रानं दांडा काढला, करकर काढली, क्लचही काढला. किल्लीचा प्रश्न कोणतंही यंत्र सोडवणार नाही, तो आपल्यालाच सोडवावा लागेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. शिकायला कोण कोण तयार आहे, त्यांची नावं लिहून ठेवा.