छायाचित्र-गोधडी

कापडावर छापलेली छायाचित्रे तुकड्यांप्रमाणे जोडून शिवलेली गोधडी. नेहमीच्या गोधडीसारखेच हिलाही वरचे कापड, मधला थर आणि अस्तर असते व तिन्ही थर धावदोऱ्याने बांधलेले असतात. जुन्या लुगड्या-धोतरांच्या जागी वर आजोबा, बारसे, लग्नाचा मांडव असे काही येते, इतकेच. गोधडी पांघरायची म्हणजे ती मळणार आणि धुवावी लागणार. त्यामुळे चित्र उमटवणे सोपे, पण ते धुण्यात टिकवणे कठीण.

घरी छपाई बहुधा इंकजेट प्रिंटरवर करतात. त्यासाठी घट्ट विणीचे पांढरे सुती पॉपलिन किंवा केंब्रिक उत्तम. मांजरपाटाच्या जाड विणीत डोळे-ओठ फिसकटतात. कापड आधी धुऊन त्याची खळ काढतात, कारण खळीमुळे शाई धाग्यात मुरत नाही. नुसते कापड प्रिंटरमधून सरकत नाही, म्हणून फ्रीझर पेपरची चकचकीत बाजू इस्त्रीने त्याच्या पाठीला चिकटवतात आणि मग दोन्ही मिळून ए-४ आकारात कापतात. कडेचा एक सुटा धागा आत अडकला तरी पानभर रेघोट्या उठतात. पिगमेंट शाई धुण्यात बऱ्यापैकी टिकते. डाय शाई पाण्यात विरघळते. तिच्यासाठी कापड रंग पक्का करणाऱ्या द्रावणात आधी भिजवून वाळवावे लागते. पहिल्या पाण्यात रंग थोडा उतरतोच, म्हणून चित्र जरा गडद छापलेले बरे. लेझर प्रिंटर मात्र वापरू नये. त्याच्या तापलेल्या रोलरवर फ्रीझर पेपरचा चकचकीत लेप वितळून चिकटू शकतो.

इस्त्रीने चिकटवायचा ट्रान्स्फर कागद दिसायला सगळ्यांत सोपा, पण गोधडीला सगळ्यांत कमी मानवणारा. चित्र उलटे छापावे लागते. ते विसरले, की दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात. चित्राचा पापुद्रा कापडावर नुसता बसतो. कापड ताठ होते, सुईची भोके बुजत नाहीत आणि धुण्यागणिक भेगा पडतात. उष्णतेने कापडात उतरवायचा सब्लिमेशनचा रंग पॉलिएस्टरलाच धरतो, सुती कापडाला नाही.

प्रिंटरवाचून चित्र उमटवण्याची जुनी रीत म्हणजे सायनोटाइप. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ साली शोधली. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि तितक्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणे करून ती समभाग मिसळतात. हे मिश्रण कापडाला लावून ते अंधारात वाळवतात. पारदर्शक फिल्मवरची निगेटिव्ह वर ठेवून कापड उन्हात धरले, की ऊन लागलेल्या जागी गडद निळा रंग तयार होतो. उरलेले द्रावण साध्या पाण्यात निघून जाते. हा रंग धाग्यातच बनतो, त्यामुळे कापडाचा मऊपणा जात नाही. चहाच्या पाण्यात बुडवल्यास निळा काळसर होतो.

शिवताना चित्राभोवती पाव इंच कोरी कड शिवणीसाठी सोडतात. धावदोरा चेहऱ्यावरून न नेता त्याच्या कडेने फिरवतात.

गोधडी गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत उलटी वाळत घालावी. धुण्याच्या सोड्याने सायनोटाइपचा निळा उडून पिवळट डाग उरतो. उन्हाने विटलेला निळा मात्र गोधडी काही दिवस अंधारात ठेवल्यास बराचसा परत येतो.