‘टी’ लिहिलेले बटण

२०२३च्या पावसाळ्यात (म्हणजे तुमच्या पावसाळ्यात, सिंगापुरात तो बाराही महिने असतो) आमच्या घरमालकीणबाई अचानक दारात उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात विजेरी. क्वीन्सटाउन भागातली आमची सरकारी इमारत माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. बाईंनी थेट विजेच्या बोर्डाचे झाकण उघडले, एका डबीवरचे ‘टी’ लिहिलेले छोटे बटण दाबले, आणि खट्! घरातले सगळे दिवे, पंखे बंद. माझा अर्धा लिहिलेला अहवालही गेला. बाई मात्र खूश. “आहे, चालतोय,” म्हणाल्या आणि चहा न घेता निघून गेल्या.

ती डबी म्हणजे आरसीसीबी. आपल्याकडे तिला कुणी ईएलसीबी म्हणते, कुणी नुसतेच ‘ट्रिपर’. बाई तातडीने आल्या कारण १ जुलै २०२३पासून सिंगापुरातल्या प्रत्येक राहत्या घरात ती सक्तीची झाली होती. वास्तविक नव्या घरांसाठी सक्ती १ जुलै १९८५पासूनच होती. त्याआधीची घरे त्या नियमातून सुटलेली होती. मधे अडतीस वर्षे गेली.

फ्यूज किंवा एमसीबी असताना हे आणखी काय, असे बऱ्याच जणांना वाटते. माझेही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तसेच होते. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. गिझरचा एमसीबी साधारण १६ अँपियरचा असतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला त्याच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपासचा प्रवाह धोक्याचा ठरू शकतो. आपला जुना पंधरा वॅटचा ‘झिरोचा’ दिवा सुमारे ६५ मिलीअँपियर घेतो. आरसीसीबी ३० मिलीअँपियर गळती होताच तोडतो, म्हणजे त्या दिव्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा प्रवाहाने एमसीबीची झोपही मोडत नाही.

आरसीसीबीची युक्ती हिशेबनिसाची आहे. घरात जाणारी आणि परत येणारी, अशा दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जेवढी वीज गेली तेवढीच परतली, तर दोघींचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते. काही वीज तुमच्या अंगातून जमिनीत गेली की हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

याचा इतिहास सोन्याच्या खाणींतून येतो. खाणींत गळती पकडणारी यंत्रे आधीही होती, पण ती अँपियरच्या भाषेत बोलत. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन या अभियंत्याने खाणींसाठी २५० मिलीअँपियरला तोडणारे यंत्र केले आणि पुढच्याच वर्षी कितीतरी अधिक संवेदनशील नमुना तयार केला. स्टिलफाँटेन या खाणकामगारांच्या वसाहतीत एका बाईला घरात विजेचा जबर धक्का बसला. त्यानंतर १९५७-५८मध्ये तिथल्या काहीशे घरांत २० मिलीअँपियरची यंत्रे बसली. किती प्रवाह माणसाला घातक, हे शोधण्यात बर्कलीच्या चार्ल्स डॅलझील यांचा मोठा वाटा. १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांच्या हातात विजेची तार देऊन, कितव्या मिलीअँपियरला ती सोडता येत नाही, हे त्यांनी मोजले. पुरुषांची सरासरी १६ आली, स्त्रियांची साडेदहा. (आजच्या कुठल्याही नीतिसमितीपुढे असा प्रस्ताव नेऊन दाखवावा!) अमेरिकेतले घरगुती यंत्रही त्यांनीच १९६१ साली केले.

म्हणजे सिंगापूरच्या १९८५च्या नियमाच्या वेळी हे ज्ञान तिशीत आले होते. नवी इमारत बांधताना डबी बसवणे सोपे, राहत्या घरांत घुसून बसवणे कटकटीचे. नियम करणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही. अनेकांनी ती नंतर आपणहून बसवली. आमच्या घरातली तशीच आलेली. पण ज्यांनी नाही बसवली, ती बहुधा म्हातारी, जुन्या घरात राहिलेली माणसे.

ऑक्टोबर २०२०मध्ये आमच्यापासून जवळच, जालान बुकित मेरावरच्या एका जुन्या घरात आई, वडील आणि मुलगा असे तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पाणी तापवण्याच्या हीटरच्या प्लगमध्ये तारा चुकीच्या जागी जोडलेल्या निघाल्या. ज्या तारेने वाचवायचे, त्या अर्थिंगच्या तारेतूनच वीज आली. अशा वेळी एमसीबी गप्पच राहतो. घरात आरसीसीबी नव्हता. त्यानंतर नियम बदलला. जुन्या घरांना दोन वर्षांची मुदत मिळाली आणि पात्र कुटुंबांना सरकारी घरांत डबी बसवण्यासाठी आर्थिक मदतही.

आपल्याकडेही नियम आहे. २०१०च्या केंद्रीय नियमांत ५ किलोवॅटच्या वरच्या जोडण्यांना गळतीरोधक यंत्र सक्तीचे होते. नंतर ही मर्यादा २ किलोवॅटवर आली. त्याखालचे, म्हणजे दोन दिवे, एक पंखा आणि पाण्यात सोडायची हीटरची कांडी असलेले घर बाहेरच राहिले. खरे तर ती कांडीच सगळ्यात घातक.

हे सगळे डोक्यात घोळत होते म्हणून मी कराडला बाबांना फोन लावला. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची डबी सारखी पडायची.

“आता नाही पडत. वायरमनने दहा मिनिटांत बंदोबस्त केला,” बाबा म्हणाले.

“काय केलं त्याने?”

“ते मला काय माहीत? तारा काहीतरी इकडच्या तिकडे केल्या. तेव्हापासून मस्त चाललंय.”

मी म्हटले, बोर्डापाशी जा, ‘टी’ लिहिलेले बटण दाबा, घरातली वीज जायला हवी. बाबा कुरकुरत उठले. फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग झाकणाचा.

“खट् झालं बघ,” बाबा म्हणाले. थोडा वेळ गेला. “पण पंखा चालूच आहे रे.”