टीचिंग असिस्टंट कोडमधली चूक लगेच का सांगत नाही?

अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सला मदतनीस म्हणून बहुतेक करून पदवीचे विद्यार्थीच असतात. ही पद्धत १९८८ पासूनची. त्यांना ‘सेक्शन लीडर’ म्हणतात. ते छोट्या गटाला शिकवतात आणि असाइनमेंट तपासताना विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्याच कोडवर बोलतात.

खरी कसोटी इथेच लागते. समजा, पायथनमध्ये दोनदा ५ टाइप करून बेरीज केली आणि उत्तर आलं ५५! कारण ‘इनपुट’ने घेतलेला ५ हा आकडा नसून मजकूर असतो. असिस्टंटला हे क्षणात दिसतं. पण चांगला असिस्टंट कीबोर्डला हात लावत नाही, ‘सोपं तर आहे’ असंही म्हणत नाही. ते ऐकून लाजलेला विद्यार्थी पुन्हा विचारायला कचरतो. तो एवढंच विचारतो, ‘या व्हेरिएबलचा टाइप प्रिंट करून बघतोस का?’