रेसिंग सिम्युलेटर व शर्यतीची प्रत्यक्ष गाडी

रेसिंग सिम्युलेटर : शर्यतीची गाडी, तिचे टायर, सस्पेन्शन, हवेचा दाब आणि ट्रॅकचा पृष्ठभाग यांचे गणित संगणकावर अखंड सोडवत राहणारी आणि त्याचे उत्तर पडदा, स्टिअरिंग, पेडल व काही वेळा हलणारी बैठक यांच्यामार्फत चालकापर्यंत पोचवणारी यंत्रणा. बोलीभाषेत नुसते ‘सिम’. घरातल्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसलेला कॉलेजचा मुलगा आणि मारानेल्लोच्या कारखान्यातला फेरारीचा ड्रायव्हर हे दोघेही सिमच चालवतात. फरक किमतीचा आणि अचूकतेचा. सिमविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. ‘अगदी हुबेहूब’ हे विकणाऱ्याचे, आणि ‘शेवटी गेमच तो’ हे कधी न बसलेल्याचे. दोन्ही मते बाजूला ठेवलेली बरी. गणिताच्या बाजूने सिम आणि गाडी यांतले अंतर गेल्या तीस वर्षांत झपाट्याने कमी झाले. शरीराच्या बाजूने ते फारसे हटलेले नाही.

पूर्वपीठिका : १९८२ मध्ये नामकोचा ‘पोल पोझिशन’ आर्केडमध्ये आला. जपानमधल्या फुजी ट्रॅकचे नाव त्यात होते, पण गाडीला वजन असे नव्हतेच. जेफ क्रॅमंडने १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणकासाठी लिहिलेला ‘रेव्ज’ आणि पपायरस या अमेरिकी कंपनीचा १९८९ चा ‘इंडियानापोलिस ५००’ यांनी गाडीला वजन दिले. पपायरसच्याच ‘ग्रां प्री लेजंड्स’ने (१९९८) १९६७ च्या हंगामातल्या, पंख नसलेल्या फॉर्म्युला वन गाड्या इतक्या इमानाने उभ्या केल्या, की विकत घेणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला एक लॅपही धड पुरा करता येईना. खपाच्या दृष्टीने हे वाईट झाले. सिमच्या इतिहासात मात्र तो मैलाचा दगड ठरला. त्यामागचा प्रोग्रामर डेव्ह केमर याने पुढे जॉन हेन्रीबरोबर २००४ मध्ये आयरेसिंगची स्थापना केली व २००८ मध्ये ती सेवा सुरू झाली. त्यानंतरच्या नावांत इटलीच्या कुनोस कंपनीचा ‘असेत्तो कोर्सा’ (२०१४) महत्त्वाचा. या कंपनीचे कार्यालय रोमजवळच्या वालेलुंगा ट्रॅकच्या आवारातच आहे.

ट्रॅकचे प्रारूप आता लेझर स्कॅन करून बनवतात. डांबराचा उंचवटा, कर्बची धार, जोडावरची भेग हे सारे मिलिमीटरच्या हिशेबात उतरते. जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या जुन्या, सुमारे २०.८ किलोमीटरच्या वळसेदार ट्रॅकवर पुढचे वळण कोणते हे पाठ करायला पूर्वी वर्षे जात. आता नवखा ड्रायव्हर तिथे पोचण्याआधीच ते पाठ करून येतो. सिमचा निर्विवाद फायदा कोणता, तर हा.

फॉर्म्युला वनमध्ये सिमचे महत्त्व वाढले ते खर्चामुळे. २००९ पासून हंगामाच्या मध्ये ट्रॅकवर चाचण्या घेण्यावर कडक बंधने आली आणि संघांनी तोच पैसा सिम्युलेटरकडे वळवला. आता शुक्रवारचा सराव संपला की कारखान्यातला सिम ड्रायव्हर रात्रभर बसून वेगवेगळ्या सेट-अपच्या लॅप्स मारतो आणि शनिवारी सकाळी निष्कर्ष ट्रॅकवर पोचतात. रेड बुलसाठी सेबास्तियाँ ब्युएमी आणि मर्सिडीजसाठी अँथनी डेव्हिडसन यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. टीव्हीवर हे कधी दिसत नाही.

स्टिअरिंग : घरच्या सिममध्ये खऱ्या गाडीच्या सर्वांत जवळ जाणारा भाग हाच. पुढचा टायर वळणात जाताना किंचित पिळला जातो आणि त्या पिळामुळे स्टिअरिंगला सरळ होण्याची ओढ लागते. पकड संपायच्या थोडे आधीच ही ओढ कमी होते, स्टिअरिंग हलके लागते. अनुभवी ड्रायव्हर या हलकेपणावरच ओळखतो, की आता गाडी नाक बाहेर काढणार. मोटरला थेट जोडलेली, पट्टा किंवा गिअर नसलेली आजची स्टिअरिंग हा बदल चांगला दाखवतात. गणितही तितक्याच वेगाने चालते; आयरेसिंगमध्ये भौतिकीचा हिशेब सेकंदाला ३६० वेळा होतो. तरीही पडद्यापर्यंत चित्र पोचायला वेळ लागतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. एकूण उशीर फक्त ५० मिलिसेकंदांचा धरला, तरी चालक पावणेतीन मीटर मागचे जग पाहत असतो.

मागची चाके सुटतात तेव्हा मात्र सिम उघडे पडते. गाडीचे बूड सरकू लागल्याची खबर प्रत्यक्ष गाडीत प्रथम कमरेला आणि आतल्या कानाला लागते. डोळ्यांना ते नंतर कळते. सिममध्ये हा क्रम उलटा होतो. डोळ्यांना दिसते, कानावर टायरचा आवाज पडतो, हाताला थोडे जाणवते आणि मग दुरुस्ती सुरू होते. चांगले सिम ड्रायव्हर या उशिराची सवय करून घेतात. ते गाडीला सरकायची संधीच देत नाहीत, किंवा डोळ्यांनीच विलक्षण चपळ होतात. प्रत्यक्ष गाडीतून सिमवर आलेल्याला पहिले काही तास चाचपडायला होते, याचे कारण हेच. त्याचे शरीर एका खबरेची वाट पाहत असते आणि ती येतच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी हलणारी बैठक आली. सहा पायांवर उभे असलेले, प्रत्येक पाय लांब-आखूड होऊन सहा दिशांना हलू शकणारे व्यासपीठ ही त्यातली सर्वांत परिचित रचना. विमानांच्या सिम्युलेटरमुळे ती प्रसिद्ध झाली. पण असे पहिले यंत्र १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या डनलॉप कंपनीत एरिक गॉफ याने बनवले ते टायर तपासण्यासाठी. ज्या टायरसाठी ते जन्मले, त्याचे गणित अजूनही सिममधला सर्वांत अवघड भाग आहे, हा योगायोग गमतीचा. व्यासपीठ धक्का आणि सुरुवातीचा झटका चांगला देते. लांबलेला जोर मात्र त्याला देता येत नाही. त्यासाठी बैठक हळूच कलवतात, म्हणजे चालकाचे स्वतःचे वजनच त्याला पुढे किंवा बाजूला ओढते आणि मेंदू त्याला वेग बदलल्याची खूण समजतो. ३० अंश कललेली बैठक गुरुत्वाच्या निम्मा जोर देते. फॉर्म्युला वन गाडी ब्रेक लावताना व वेगवान वळणात गुरुत्वाच्या पाचपट जोर देते. इंजिनिअर कितीही हुशार असला, तरी जमिनीला खिळलेल्या यंत्रात हा हिशेब जुळणार नाही.

डोळा आणि आतला कान यांची साक्ष जुळली नाही की मळमळते. घाटात गाडीत बसून मोबाइल वाचणाऱ्याला होते तेच, फक्त उलट्या बाजूने : तिथे कान ‘हलतोय’ म्हणतो आणि डोळा ‘स्थिर’, सिममध्ये डोळा ‘हलतोय’ म्हणतो आणि कान ‘स्थिर’. सात वेळा जगज्जेता झालेल्या मायकल शूमाखरलाही मर्सिडीजच्या सिम्युलेटरमध्ये हा त्रास व्हायचा. गाडीवर जितका जास्त काळ काढलेला, तितकी ही तक्रार जास्त, असेही पुष्कळदा दिसते.

ब्रेक : मोंझाच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिले वळण येते तेव्हा फॉर्म्युला वन गाडी ताशी ३४० च्या आसपास असते आणि तीन सेकंदांच्या आत ती ८०-९० वर आणायची असते. पहिल्या क्षणी पेडलवर १०० किलोहून अधिक भार टाकावा लागतो, कारण त्या वेगात हवेचा दाब गाडीला रस्त्यावर जखडून ठेवतो आणि चाके सहजी अडकत नाहीत. वेग निम्मा झाला की हा दाब चौथाईवर येतो. म्हणून पाय त्याच प्रमाणात उचलत न्यावा लागतो आणि शेवटचा थोडा ब्रेक वळणात शिरतानाही धरून ठेवायचा असतो. हे सारे सिमवर शिकता येते. पेडलचे अंतर न मोजता त्यावरचा दाब मोजणारा लोडसेल असला, तर पायाला ती चढउतार नेमकी पाठ होते. पण गाडीत त्याच वेळी पट्टे छातीत रुतत असतात, हेल्मेटसह डोके पुढे जाऊ पाहते, ते मानेला तीसेक किलोसारखे तोलावे लागते आणि पायाचे स्वतःचे वजनही पेडलवर येऊन पडते. किती ब्रेक लागला हे तिथे छातीला कळते. सिमवर ते फक्त तळपायाला आणि पडद्यावरच्या आकड्याला. म्हणूनच सिमवरून आलेला नवखा पहिल्या दिवशी हमखास एकतर फार आधी ब्रेक लावतो, नाहीतर पुरेसा जोरात दाबत नाही. एक-दोन दिवसांत हे सुधारते. मान सुधारायला महिने लागतात.

टायर : रबराची पकड तापमानावर अवलंबून असते आणि ते तापमान पृष्ठभागावर, आत आणि कडेला वेगवेगळे असते. नेदरलँड्सच्या हान्स पाचेइका याच्या सूत्रांवर टायरचे बरेचसे गणित उभे आहे. ती सूत्रे मर्यादेच्या आत उत्तम चालतात. मर्यादा ओलांडून पूर्ण घसरलेल्या, जळत्या टायरचे वागणे मात्र अंदाजानेच भरावे लागते. प्रत्यक्ष ट्रॅक तर दिवसभर बदलतो. रबर बसते, कडेला रबराच्या गोळ्या साचतात, ढग आला की डांबर थंड होते. पाऊस सर्वांत अवघड. आयरेसिंगसारख्या मातब्बर सेवेतही पाऊस आला तो २०२४ मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर सोळा वर्षांनी.

उष्मा आणि भीती : सिमची खोली वातानुकूलित असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत लोगन सार्जंटला उष्म्याने गाडी सोडावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. थकल्यावर माणूस जे निर्णय घेतो, त्यांची तालीम थंड खोलीत होत नाही. भीतीचे तर विचारायलाच नको. सिमवर भिंतीला धडकले की एक बटण दाबून पुन्हा पिटमध्ये. त्यामुळे सिमवर हद्द शोधायची ती ओलांडून. गाडीत ती अलीकडून चाचपायची. दोन्ही पद्धतींनी शिकणे होते, पण स्वभाव वेगळे घडतात. २०२० च्या टाळेबंदीत खरे ड्रायव्हर घरून शर्यतींत उतरले तेव्हा भल्याभल्यांनी एरवी कधी केली नसती अशी धक्काबुक्की केली. त्याच वर्षी मे महिन्यात फॉर्म्युला ईच्या ऑनलाइन शर्यतीत डॅनिएल आप्टने आपल्या जागी एका व्यावसायिक सिम ड्रायव्हरला बसवले, ते उघड झाले, तो बाद झाला आणि ऑडीने त्याला निलंबित केले. निदान ही लबाडी खऱ्या गाडीत चालत नाही.

सिमवरून ट्रॅकवर : सोनी व निसान यांच्या ‘जीटी अकॅडमी’ने २००८ पासून ‘ग्रान तुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडले. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येस. २०११ चा विजेता, वेल्समधला यान मार्डेनबरो, २०१३ मध्ये ले मान्सच्या चोवीस तासांत एलएमपी२ गटात तिसरा आला. त्याच्यावरच्या २०२३ च्या चित्रपटाने घटनाक्रम फिरवला आहे : त्याच्या गाडीचा नुरबुर्गरिंगवरचा अपघात, ज्यात एक प्रेक्षक दगावला, २०१५ मधला आहे, ले मान्सच्या आधीचा नव्हे. आणखी एक गोष्ट चित्रपट पाहून निसटते. विजेत्यांना थेट मोठ्या शर्यतीत उतरवले नव्हते. व्यायाम, खऱ्या गाडीतले शिक्षण आणि लहान शर्यतींत परवाना मिळवणे या साऱ्यांतून त्यांना काढले होते. हजारोंतून योग्य माणूस वेचण्याचे काम सिमने केले. ड्रायव्हर घडला तो नंतर. अमेरिकेत विल्यम बायरन आयरेसिंगवर सुरुवात करून नॅसकारमध्ये पोचला आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने डेटोना ५०० जिंकली. ब्रिटनच्या जेम्स बाल्डविनने २०२० मध्ये ब्रिटिश जीटीतली आपली पहिलीच शर्यत ओल्टन पार्कला जिंकली. जीटी गाड्यांत हे यश अधिक दिसते. त्यांना एबीएस असते, जोर फॉर्म्युला वनपेक्षा खूपच कमी असतो आणि त्यामुळे सिम व गाडी यांतली दरीही अरुंद असते.

उलट दिशेचे ठळक उदाहरण मॅक्स फेर्स्टापन. मे २०२४ मध्ये इमोलाची ग्रां प्री त्याने जिंकली, त्याच शनिवार-रविवारी तो आपल्या संघासह नुरबुर्गरिंगची चोवीस तासांची ऑनलाइन शर्यतही चालवत होता, आणि तीही जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये तो प्रत्यक्ष नुरबुर्गरिंगवर फेरारी चालवायला गेला. चार वेळचा जगज्जेता आणि सिमवर तो ट्रॅक तोंडपाठ. तरी नियमाप्रमाणे त्याला आधी कमी ताकदीच्या पोर्श केमनमध्ये लॅप्स पुऱ्या करून परवाना मिळवावा लागला. दोन आठवड्यांनी त्याने शर्यत जिंकली. जोडीदार होता ख्रिस लुलहॅम, जो स्वतः सिममधून पुढे आलेला.

भारतात : चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, हे देशातले परिचित ट्रॅक. बुद्धवर २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटलने जिंकल्या. तिन्ही ट्रॅक महाराष्ट्रापासून लांब असल्याने पुण्या-मुंबईच्या मुलाला एका सरावासाठी प्रवास, टायर, इंधन आणि मेकॅनिक यांचा खर्च पडतो. त्याला सिम स्वस्त पडते, हे खरे. ज्याला पुढे गाडीतच बसायचे आहे, त्याने पैसे आधी लोडसेलच्या ब्रेक पेडलवर घालावेत, हलणाऱ्या बैठकीवर नव्हे. आणि उरलेले कार्टिंगवर. कार्टला सस्पेन्शन नसते, त्यामुळे सिम जी खबर देत नाही ती तिथे थेट कमरेला मिळते. अधिकृत शर्यतीत उतरण्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो. सिमवर मारलेल्या लॅप्स त्याची जागा घेत नाहीत.